दुखायची थांबलेली दाढ

वेसावे, म्हणजे वर्सोवा. मुंबईतला हा जुना कोळीवाडा. बोंबील वाळत घालायचे, जाळी सांधायची, बोटी दर्यात न्यायच्या, मासळी बाजारात पोचवायची. अशा कामाच्या घाईत दाढ दुखली, तर थांबतो कोण? लवंग दाबून धरायची, चिमूटभर मशेरी लावायची, दुकानातून गोळी आणायची नि कामाला लागायचे. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो. मग माणूस म्हणतो, "सुटलो एकदाचा!"

पण खरेच सुटला का? या पाठात आपण तेच पाहू.

दाढेच्या आत

दात वरून दगडासारखा कठीण. पण आत पोकळी असते. त्या पोकळीत मऊ गर असतो. गरात बारीक नसा आणि रक्तवाहिन्या असतात. जमिनीत खुंट रोवावा, तशी दाताची मुळे जबड्याच्या हाडात रोवलेली असतात. मुळाच्या टोकाला बारीक भोक असते. त्यातून नस आणि रक्त आत येते.

दाताला कीड लागते असे आपण म्हणतो. पण ही कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात हळूहळू कुजतो. कूज गरापर्यंत पोचली, की गर सुजतो. सुजायला आत जागा नसते. म्हणून रात्रभर झोप येऊ नये असा ठणका लागतो.

पुढे गर मरतो. नस मेली, की ठणका थांबतो. पण जंतू मेलेले नसतात! ते मेलेल्या गरात वाढतात. मुळाच्या टोकातून त्यांचे विष बाहेर पडते. भोवतालचे हाड विरघळू लागते. तिथे पूही साठतो. हे सारे महिनोन् महिने मुकाट्याने चालते. वरून काहीच दिसत नाही. कधी हिरडीवर एक पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. इतकीच काय ती खूण.

हाडातले कसे दिसणार?

1895 साली जर्मनीत राँटजेन नावाच्या शास्त्रज्ञाला एक नवे किरण सापडले. त्यांना एक्स-रे म्हणतात. पुढच्याच वर्षी, 1896 च्या जानेवारीत, जर्मनीतल्याच ऑटो वॉल्कहॉफ यांनी या किरणांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी त्यांना 25 मिनिटे स्थिर राहावे लागले. आज हाच फोटो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघतो.

हे किरण काम कसे करतात? जाळे उन्हात धरून पाहा. दाट विणीतून ऊन कमी जाते. जाळे फाटलेले असेल, तिथून ऊन थेट खाली पडते. एक्स-रेचेही तसेच. दात आणि हाड त्याला अडवतात. ती जागा फोटोत पांढरी दिसते. हाड झिजले असेल, तिथून किरण आरपार जातात. ती जागा काळी दिसते. मुळाच्या टोकाशी असा काळा डाग दिसला, की डॉक्टर सावध होतात.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हाड बरेच झिजल्यावरच डाग दिसतो. नवा ठणका असेल, तर फोटो स्वच्छही येतो. शिवाय प्रत्येक काळा डाग पुवाचा नसतो. खालच्या जबड्यात नस बाहेर येण्याचे मूळचेच भोक असते. तेही काळेच दिसते. म्हणून डॉक्टर दातावर हलकेच ठोकून पाहतात, दाताला गार लावून पाहतात, आणि मग फोटोशी मेळ घालतात.

फोटो काढायला भ्यावे का? नाही. एका दाताच्या फोटोत लागणारे किरण फार थोडे असतात. आपल्या भोवतालच्या माती-दगडांतून आणि आकाशातून असे किरण रोजच अंगावर येतात. त्यांच्या दिवसभराच्या मापाइतकेच, किंवा त्याहून कमी, किरण या फोटोला पुरतात. बाई गरोदर असेल, तर तिने आधी तसे सांगावे.

उपाय वेळेवर करावा

दात वाचण्याजोगा असेल, तर डॉक्टर आतला मेलेला गर काढतात, पोकळी साफ करून भरतात. याला रूट कॅनाल म्हणतात. दात वाचण्याजोगा नसेल, तर काढतात. नुसत्या गोळ्यांनी सूज उतरते, पण मुळाशी घाण तशीच राहते. उपचारानंतर काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढतात. काळा डाग लहान झाला, म्हणजे हाड भरून येत आहे.

दुर्लक्ष केले तर? मुळाशी दबलेला पू केव्हाही उसळतो. गाल सुजतो, ताप येतो. सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, तर श्वास कोंडून जीवही जातो. घरी असताना हे झाले, तर दवाखाना जवळ आहे. पण बोट किनाऱ्यापासून दूर असेल, तर खलाशाने काय करावे? तांडेलाने बोट वळवली, तरी किनारा गाठायला वेळ लागतोच.

म्हणून आम्ही म्हणतो, दाढ दर्यावर जाण्याआधी दाखवावी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात. ते दिवस यासाठी चांगले. मुंबई सेंट्रल स्टेशनजवळ महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरीला जावे, तिथून लोकल घ्यावी. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालयही आहे.

मात्र तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीने जा.

आता सांगा

1. ठणका थांबला, तरी रोग का जात नाही?
2. मुळाशी काळा डाग कशामुळे दिसतो?
3. फोटो स्वच्छ आला, तरी डॉक्टर दात ठोकून का पाहतात?
4. तुमच्या घरात कुणाची दाढ दुखायची आपोआप थांबली आहे का? त्यांना हा पाठ वाचून दाखवा.