मोकाट कुत्री, माकडे आणि आपले उष्टे

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासपूर्ण लेख द्यावा, असे चिटणीसांनी सांगितले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. महाराणा प्रताप नगरात जो राहतो किंवा कामाला येतो, त्याला हा विषय रोज वाटेत भेटतो. झोन एक आणि झोन दोनमधले शिकवणीचे वर्ग रात्री सुटतात. मुले पायीच वसतिगृहाकडे निघतात. चहा-पोह्यांच्या बंद झालेल्या गाड्यांजवळ दहा-बारा कुत्र्यांचे टोळके बसलेले असते. सकाळी अरेरा टेकडीच्या बाजूने वानरांची टोळी येते, पाण्याच्या टाकीचे झाकण उचलते आणि वाळत घातलेल्या पापडांचा समाचार घेते.

या प्राण्यांविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, "सगळी उचलून न्या." दुसरे म्हणते, "मुक्या जीवांना त्रास देऊ नका." दोन्ही मते मनापासूनची आहेत. परंतु दोन्ही अपुरी आहेत, असे या विषयाच्या अभ्यासानंतर मला वाटू लागले आहे. ते का, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा यत्न करतो.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा लिहिताना हात सारखा बाकाखाली नेत होता. अक्षर बिघडले म्हणून मी त्याला रागावलो. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत त्याच्या मित्राने सांगितले, तेव्हा मी त्याचा हात पाहिला. मनगटाजवळ दातांच्या खुणा होत्या आणि त्यांवर चुना फासलेला होता. तीन दिवसांपूर्वी गल्लीतल्या पिलाशी खेळताना ते चावले होते. कुत्र्यांशी खेळायचे नाही अशी घरी ताकीद होती. म्हणून घरी सांगितले तर मार बसेल, या भीतीने तो गप्प राहिला होता.

त्याच दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात नेले. लस वेळेत मिळाली आणि मुलगा सुखरूप राहिला. परंतु माझ्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. रेबीजचा, म्हणजे कुत्रे पिसाळण्याच्या रोगाचा, पाठ मी वर्गात शिकवला होता. परीक्षेत त्यावर प्रश्नही घातला होता. मात्र "चावले तर कोणी रागावणार नाही, आधी येऊन सांगा," हे एक साधे वाक्य मी मुलांपुढे कधी उच्चारले नव्हते.

प्रत्येक प्रसंगाचा शेवट असा गोड होत नाही. २०२४ च्या जानेवारीत याच भोपाळमध्ये, अयोध्यानगर भागात, मजुरी करणाऱ्या आईबापांचे सात महिन्यांचे बाळ मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात गेले. आई कामात असताना ते जमिनीवर निजवलेले होते. ज्यांच्या घराला कुंपण आहे त्यांना कुत्र्यांचा उपद्रव होतो. ज्यांना कुंपण नाही त्यांच्या जिवावर बेतते. हा भेद ध्यानात ठेवूनच पुढचा विचार केला पाहिजे.

इतिहासाचा धडा

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईत इंग्रज सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा नियम केला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांची पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. १८३२ च्या जून महिन्यात, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात दंगल उसळली. इतर समाजांचे लोकही तीत सामील झाले आणि शहराचे व्यवहार बंद पडले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईचे पांजरापोळ स्थापन केले. तेथे मोकाट कुत्र्यांनाही आसरा मिळाला.

परंतु मारणे थांबले नाही. त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ मुंबईत कुत्री मारली जात होती. १९९४ च्या सुमारास महापालिकेने ते थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. इतकी वर्षे मारूनही कुत्री संपली नाहीत, याचे कारण काय?

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा असतो. ती वर्षातून दोनदा विऊ शकते आणि एका वेळी चार-सहा पिले होतात. गल्लीत जेवढे खाद्य, तेवढी कुत्री तेथे जगतात. एका गल्लीतली कुत्री उचलून नेली आणि कचऱ्याचा ढीग तसाच राहिला, तर शेजारच्या गल्लीतली कुत्री त्या रिकाम्या जागी येतात. ती नवखी असतात, लस न घेतलेली असतात आणि आपसांत भांडतात. जे आपण उचलून नेतो तो परिणाम असतो. कारण उकिरड्यावर तसेच पडून राहते.

शंभरांवर वर्षांपूर्वी तुर्कस्तानातही हेच दिसले. १९१० मध्ये इस्तंबूल शहरातली हजारो कुत्री धरून समुद्रातल्या एका उजाड बेटावर नेऊन सोडली गेली. ती तेथे अन्नपाण्यावाचून मेली. इस्तंबूलच्या रस्त्यांवर कुत्री आजही आहेत.

गोव्याने काय केले?

आता यशाचे उदाहरण पाहू. गोव्यात २०१३ पासून सरकार आणि प्राणिवैद्यक क्षेत्रातील स्वयंसेवी संस्था यांनी मिळून रेबीज-निर्मूलनाचे काम हाती घेतले. पथके जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरत. कुत्रे धरायचे, लस टोचायची, खूण करून सोडायचे आणि कोणत्या वाडीत किती काम झाले याची नोंद लगेच भ्रमणध्वनीवर करायची, अशी ही पद्धत होती. एका वर्षात पंचाण्णव हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देण्यापर्यंत काम वाढले. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. गोव्याने तो टप्पा गाठला. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले.

शिक्षक म्हणून मला त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. या मोहिमेतली माणसे वर्षाला सुमारे दीड लाख मुलांपर्यंत जाऊन, कुत्रा चावू नये म्हणून काय करावे आणि चावल्यास काय करावे, हे शिकवीत होती. लशीच्या सुईइतकेच काम खडूनेही केले.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनुसार मोकाट कुत्रे धरून नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी आणि जेथून आणले तेथेच सोडावे, असा दंडक आहे. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला छोटी खाच पाडतात. अशी खाच दिसली तर दगड मारू नये. ते कुत्रे त्या गल्लीचे रखवालदार समजावे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सर्व कुत्री निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात मोठ्या खंडपीठाने तो बदलला. पिसाळलेली व अंगावर येणारी कुत्री वगळून इतरांना नसबंदी व लशीनंतर मूळ जागी सोडावे आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमाव्यात, असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके व क्रीडासंकुले यांच्या आवारांतून कुत्री हलवावीत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश झाला. म्हणजे दयेला जागा आहे, परंतु शाळेच्या दारात नाही.

भोपाळ महापालिकेच्या नसबंदी केंद्रांपैकी एक आदमपूर छावणीला आहे. शहराचा कचराही आदमपूर छावणीलाच जातो. कचरा आणि कुत्री यांचे नाते इतके जवळचे आहे की दोहोंचा रस्ताही एकच व्हावा!

माकडांचा प्रश्न निराळा

मी मूळचा रत्नागिरीकडचा. तेथे आंबा-नारळाच्या बागायतदाराला माकड म्हटले की काय वाटते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. बागेची राखण करून थकलेले लोक पुढे भाजीपाला लावणेच सोडून देतात. म्हणून "माकडांवर दया करा" असे शहरात बसून सांगणे मला जड जाते.

काळतोंडे वानर आणि लालतोंडे माकड यांत फरक आहे. वानर मुख्यतः झाडपाल्यावर जगते. माकड माणसाच्या अन्नाला फार लवकर सरावते. वानराला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. लालतोंड्या माकडाचे नाव मात्र २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित प्राण्यांच्या यादीतून वगळले गेले.

दिल्लीत २००७ मध्ये तेथील उपमहापौर घराच्या सज्जात माकडांना हुसकावताना पडून मृत्यू पावले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशाने माकडे धरून असोला-भाटी अभयारण्यात सोडण्यास आरंभ झाला. हजारो माकडे नेली, तरी दिल्लीतली माकडे संपली नाहीत. माकडांना भिवविण्यासाठी पाळीव वानरे भाड्याने आणण्याची चाल होती. तीही २०१२ च्या सुमारास बंद करावी लागली. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी तर वानरांची चित्रे कापून रस्त्याकडेला उभी केली होती. हिमाचल प्रदेशाने २००७ पासून दीड लाखाहून अधिक माकडांची नसबंदी केली. २००४ च्या गणनेत तेथे तीन लाखांवर माकडे होती. २०१९-२० मध्ये ती दीड लाखाच्या आत आली. एवढ्यासाठी बारा-तेरा वर्षे लागली. धीर धरणाऱ्यालाच येथे फळ मिळते.

महाराष्ट्रात धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी बत्तीस एकर जमीन सरकारी दफ्तरात माकडांच्या नावे आहे. लग्नकार्यात आधी त्यांना मान देण्याचीही तेथे प्रथा होती. ही गोष्ट २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून आली, तेव्हा वाचकांना तिचे कौतुक वाटले. मला तीत एक शहाणपण दिसले. त्या गावाने माकडांसाठी जागा वेगळी ठेवली होती. आपण शहरात त्यांची झाडे तोडतो आणि वर त्यांना हातातून केळी देतो. हातातून खायला शिकलेले माकड पुढे हातातून हिसकावतेच. दोष शिकवणाराचा असतो.

चावल्यास काय करावे?

ही माहिती प्रत्येक घरात मुलांनाही पाठ असावी. कुत्रे किंवा माकड चावले वा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. लगेच रुग्णालयात जावे. सरकारी रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी, त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेत आणखी एक औषध भरावे लागते. ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे. एकही मात्रा चुकवू नये.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही जुन्या लोकांची भीती आता सोडावी. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीपासून बंद झाली आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांपूर्वी योग्य उपचार घेतले तर तो जवळजवळ नेहमीच वाचतो. मध्ये जे अंतर आहे, ते फक्त वेळेचे आणि सांगण्याच्या धैर्याचे आहे.

आपल्याकडून काय व्हावे?

संत नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा येथील प्रत्येक घरात सांगितली जाते. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाची कथा माझ्या आजीने मला सांगितली. आमच्या हदीसमध्ये ती आहे. दोन्ही कथांतला माणूस समोरच्या प्राण्याची गरज ओळखतो. आज आपल्या गल्लीतल्या कुत्र्याची गरज नसबंदीची आणि लशीची आहे. ती भागवणे हेही तूप आणि पाणी देण्याइतकेच पुण्याचे मानावे.

आणि आता आपल्याच घरातली गोष्ट सांगतो. विश्वस्त मंडळींनी राग मानू नये. गेल्या वर्षी आपल्या उत्सवाच्या भोजनानंतर उष्ट्या पत्रावळींचा ढीग सभागृहामागे दोन दिवस पडून होता. मीही त्या पंगतीत जेवलो आणि हात धुऊन घरी गेलो. तिसऱ्या दिवशी तेथे सात-आठ नवी कुत्री होती. ती आपणच निमंत्रण देऊन बोलावली होती. म्हणून या महोत्सवी वर्षात संस्थेने पुढील चार गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे :

१. प्रत्येक समारंभानंतर उष्टे त्याच रात्री झाकणाच्या पिंपात भरून महापालिकेच्या गाडीकडे सोपवावे.

२. आपल्या परिसरातल्या कुत्र्यांची वर्षातून एकदा गणना करावी. कान खाचलेली किती आणि न खाचलेली किती, याची यादी महापालिकेला देऊन नसबंदी व लशीचा पाठपुरावा करावा.

३. ज्यांना कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे, त्यांनी शाळा, जिने आणि खेळाची जागा सोडून ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी घालावे. माकडांना मात्र हाताने काहीही देऊ नये. टाक्यांची झाकणे पक्की करावीत. माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. त्याला ते आव्हान वाटते.

४. संस्थेच्या बालवर्गात वर्षातून एक तास "चावल्यास काय करावे" हा पाठ घ्यावा. तो तास घेण्यास मी तयार आहे.

त्या तासाचे पहिले वाक्य मी ठरवून ठेवले आहे : "मुलांनो, चावले तर कोणी रागावणार नाही. आधी येऊन सांगा." पालकांनीही आज घरी गेल्यावर हे वाक्य आपल्या मुलांना सांगावे, एवढीच विनंती.