खोट्या अर्जांची गर्दी



बोथच्या मी-सेवा केंद्रावर दाखला काढायला गेल्यावर ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. बहुतेक वेळा कारण साधे असते : वीज गेलेली असते, केबल तुटलेली असते किंवा गर्दी फार झालेली असते. पण कधी कधी कोणीतरी मुद्दाम संगणकाला नको त्या कामात गुंतवून ठेवतो. यात चोरी होत नाही. फक्त खऱ्या माणसाचे काम अडते. याला ‘सेवा-नकार हल्ला’ म्हणतात. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील काही इंटरनेट पुरवठादारांवर असा हल्ला झाला होता. तेथे खोट्या माहितीचा प्रचंड लोंढा सोडला गेला. मात्र प्रोग्रॅममध्येच उणीव असेल, तर एवढ्या लोंढ्याचीही गरज पडत नाही. ती उणीव कशी असते, ते आपण एका उदाहरणाने पाहू.

समजा, आपल्या शाळेत अर्ज ठेवायला ० ते ९ असे दहा खण आहेत. अर्जाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक, तोच त्याचा खण. तोच अर्ज आधी आला आहे का, हे पाहण्यासाठी नवा अर्ज त्या खणातील प्रत्येक अर्जाशी ताडून पाहावा लागतो. शंभर अर्ज सारखे वाटले गेले, तर एका खणात दहा अर्ज येतात आणि एकूण ४५० वेळा ताडणी होते. पण कोणी मुद्दाम ७ ने संपणारेच शंभर क्रमांक पाठवले, तर सगळे एकाच खणात पडतात आणि ताडणी ४,९५० वेळा करावी लागते. असे एक लाख अर्ज आले, तर ती जवळजवळ ५०० कोटींवर जाते!

संगणकही माहिती अशाच खणांत ठेवतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये हा धोका दाखवून दिला. त्यानंतर ‘पर्ल’ या मुक्तस्रोत भाषेत दुरुस्ती झाली. इतर अनेक भाषा तशाच राहिल्या. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत पीएचपी, पायथॉन, जावा यांतही हीच उणीव असल्याचे दाखवण्यात आले.

मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते असा प्रोग्रॅम. मग वाईट माणूसही ती वाचणारच! म्हणून ती लपवावी का? नाही. उपाय वेगळा निघाला. खण ठरवण्याच्या नियमात दर वेळी एक नवा गुप्त आकडा मिसळायचा. नियम सर्वांना ठाऊक असला तरी आकडा ठाऊक नसतो; त्यामुळे कोणता अर्ज कोणत्या खणात जाईल, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. पायथॉनने २०१२ मध्ये हा उपाय सर्वांसाठी लागू केला. पीएचपीने एका वेळी किती रकाने घ्यायचे यावर मर्यादा घातली. ती मुळात १,००० आहे.

मात्र दुरुस्त आवृत्ती आपल्या संगणकावर बसवली नाही, तर तिचा उपयोग शून्य. उणीव जगजाहीर झालेली असते आणि आपले दार उघडेच राहते. म्हणून नवी आवृत्ती वेळेवर बसवणे, हे संगणक वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

करून पाहा : खण दहाऐवजी वीस केले आणि तरीही सगळे शंभर अर्ज एकाच खणात पडले, तर ताडणी किती वेळा होईल? नुसते खण वाढवून प्रश्न का सुटत नाही, ते वहीत लिहा.