घरचें शिवणकाम : गोधडी

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. पिंपळगांव राजाच्या घरांतून जुन्या सुती लुगड्यांची वाण नसते. तीं धुवून, वाळवून एकावर एक पसरावीं. सुरकुती राहूं देऊं नये. प्रथम चारी कडा टांचून घ्याव्या व कडेकडून मध्याकडे धावदोरा घालीत यावें. टांका लांब पडल्यास त्यांत बोट अडकून दोरा तुटतो. म्हणून तो बारीक व सारखा असावा.

रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं पुण्यास निघालेल्या सेवासदनांत स्त्रियांस शिवण शिकवीत. तेथें सुई हें स्वावलंबनाचें साधन होतें. घरीं ती आनंदाचेंही होते. पालकांनीं ती मुलग्यांच्याही हातीं द्यावी. आजीच्या विटलेल्या लुगड्याची ऊब नातवंडांस पुढें कित्येक हिवाळे पुरते.