एकाच शेतात मातीची विद्युतवाहकता का बदलते?

कृष्णाकाठच्या भारी काळ्या बागायती जमिनीत आपण पाहिले असेल की, एकाच शेतात वरच्या अंगाला ऊस जोमदार असतो आणि खालच्या लवणात उगवण विरळ, पाने करपलेली. बेणे, खत सारखेच. फरक असतो तो बहुधा मातीतील विद्राव्य क्षारांचा. ते जितके जास्त, तितकी मातीची विद्युतवाहकता जास्त.

प्रयोगशाळेत एक भाग माती व अडीच भाग पाणी घेऊन ही वाहकता मोजतात. १ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास जमीन सर्वसाधारण समजतात. १ ते २ मध्ये उगवणीला धोका संभवतो, पुढे संवेदनक्षम पिकांची वाढही खुंटते.

समजा, शेतात ९ ठिकाणी वाहकता ०.४ आहे आणि लवणातील ३ ठिकाणी ३.२. बाराही ठिकाणची माती एकत्र केली तर उत्तर येते १.१. हा आकडा त्या शेतातील कोणत्याच जागेचा नाही! त्यावरून केलेला खर्च चांगल्या जमिनीवर वाया जातो आणि बिघडलेल्या जागेला अपुरा पडतो.

लवणात क्षार साठतात ते पाण्यामुळे. चिकणमातीतून निचरा मंद होतो, वरचे जादा पाणी झिरपून खाली येते व भूजलाची पातळी वर चढते. उन्हाळ्यात हे पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागाकडे येते, वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. सरीपेक्षा वरंब्याच्या माथ्यावर ते अधिक जमतात. म्हणून नमुना केवळ माथ्यावरून घेऊ नये. पावसानंतर क्षार खाली धुपून जातात, तेव्हा तुलनेसाठीचे सर्व नमुने एकाच वेळी घ्यावेत.

शेतात फिरवून वाहकता टिपणारी यंत्रेही आता आहेत. मात्र त्यांचा आकडा ओलावा व चिकणमातीच्या प्रमाणानेही वाढतो. तो वाढला म्हणजे क्षार वाढले असे नव्हे. प्रयोगशाळेत खात्री करावीच.

उलट, चोपण जमिनीत वाहकता कमी असूनही पीक येत नाही. तेथे सामू ८.५ च्या वर असतो व दोष सोडियमचा असतो. जिप्सम उपयोगी पडते ते तेथे. नुसत्या खारवट जमिनीत आधी चर काढून निचरा करावा, मग चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत.

उंच, मधला व लवणाचा भाग वेगळा धरून प्रत्येकाचे ०-१५, १५-३० व ३०-६० सेंटिमीटर खोलीचे नमुने स्वतंत्र पिशव्यांत भरावेत. चिठ्ठीवर जागा व खोली लिहिण्यास विसरू नये.