रंगविलेली भिंत, पाण्याचा झोत आणि विमा

उच्चदाबाच्या पाण्याने इमारतींच्या बाह्यभिंती धुण्याचा व्यवसाय योजिताना यंत्राची किंमत काटेकोरपणे मांडली जाते. भिंत बिघडल्यास होणारा खर्च क्वचितच. हा खर्च दिसतो त्याहून मोठा असतो. उन्हापावसाने जुन्या रंगाची भुकटी झालेली असते. ० अंशाच्या लाल नोझलचा झोत त्याचे पापुद्रे क्षणात उडवितो. हातभर जागेस नवा रंग दिला, तरी भोवतीच्या फिकटलेल्या रंगाशी तो जुळत नाही. परिणामी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंत रंगवावी लागते, तीही पूर्ण वाळल्यावरच. ओलीवर दिलेल्या रंगास फोड येतात.

म्हणून आधी भिंतीवरून तळहात फिरवावा. भुकटी लागल्यास ग्राहकास लेखी कळवावे, छायाचित्रे घ्यावीत व ४० अंशांच्या पांढऱ्या नोझलने आडबाजूस चाचणी करावी. रंग सुटू लागताच काम थांबवावे. ‘आणखी थोडे धुतले की एकसारखे दिसेल’ हा कामगारांचा आवडता उपाय नुकसान वाढवितो.

विम्यावर विसंबण्यापूर्वी पॉलिसीतील अपवाद अवश्य वाचावेत. ज्या मालमत्तेवर प्रत्यक्ष काम चालू आहे, तिचे नुकसान दायित्व विम्यातून बहुधा वगळलेले असते. शेजारच्या मोटारीची काच फुटल्यास भरपाई मिळू शकेल. धुतल्या जाणाऱ्या भिंतीची मिळेलच असे नाही. तेव्हा खेळत्या भांडवलाच्या अंदाजात अशा एका भिंतीच्या रंगकामाची तरतूद आपण स्वतंत्रपणे दाखवावी.