टेकडीवरच्या वस्तीत टीबीविरुद्ध साथीदार कसे जोडावेत

घाटकोपर पश्चिमेच्या टेकड्यांवर चढत गेलेल्या वस्त्यांत टीबीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, तरीही निदान उशिरा होतं. खाली उतरून आरोग्य केंद्र गाठायचं तर रोज बुडतो, आणि धाप लागणाऱ्या माणसाला परतताना पायऱ्या चढवत नाहीत. तपासणीच वर न्यायला हवी, आणि ते एकट्या संस्थेला जमणारं काम नाही.

आधी वस्ती कोणत्या आरोग्य केंद्राला जोडलेली आहे ते शोधा. घाटकोपर महापालिकेच्या एन विभागात येतं, पण असल्फा-साकीनाक्याकडे एल विभाग लागतो. आपल्या केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि आरोग्य सेविकेसोबत वस्ती फिरा. कोणत्या घरात कोण खोकतंय हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

मग बचत गटाच्या बाया, गल्लीतलं मंडळ, मेडिकलवाला आणि वस्तीतला खासगी डॉक्टर यांना एकत्र बसवा. शेवटच्या दोघांना वगळू नका, कारण माणूस खोकल्याचं औषध आधी त्यांच्याकडेच मागतो. टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारला कळवणं २०१२पासून खासगी डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हेही तिथेच सांगा. बैठक पाण्याच्या वेळेला ठेवू नका. नळ सुटला की बाया उठणारच, आणि त्यांच्याविना घेतलेला निर्णय वस्तीत टिकत नाही.

आता बेडका. डब्या आरोग्य केंद्रातूनच घ्या आणि नमुना द्यायला मोकळी जागा मंडळाकडून मागून घ्या. सकाळी उठल्यावर पाण्यानं चूळ भरावी, खोल श्वास घेऊन छातीतून खोकावं. नुसती लाळ चालत नाही. झाकण घट्ट लावून, नाव लिहून डबी त्याच दिवशी पोहोचवायची. डब्या खाली नेण्याची पाळी ठरवा आणि त्या माणसाला जाण्यायेण्याचं भाडं द्या. गरिबाकडून फुकट सेवा मागून गरिबाचं आरोग्य सुधारत नाही.

निकाल फक्त रुग्णाला आणि आरोग्य केंद्राला कळावा, हे पहिल्याच बैठकीत पक्कं करा. मंडळानं जागा द्यावी, हात द्यावेत. रुग्णांची यादी मागू नये. लग्नाच्या वयाची मुलगी बदनामीच्या भीतीनं उपचार लपवते आणि मध्येच सोडते. त्यात तिचा जीव जाऊ शकतो.

निदानानंतर आहार. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. भाड्यानं राहणाऱ्या अनेकांचं बँक खातंच नसतं. तिथे बचत गटानं हात धरून खातं उघडून द्यावं. पंतप्रधान टीबीमुक्त भारत अभियानात २०२२पासून कोणीही ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाच्या संमतीनं शिधा देऊ शकतो. परिसरातल्या सोसायट्यांना आणि व्यापाऱ्यांना इथेच जोडा: धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे किंवा दूध पावडर, दर महिन्याला, न चुकता. शिधा घरातल्या सगळ्यांना पुरेल असा असावा. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातल्या टीबीचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचं २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पिशवी देताना फोटो मात्र काढायचा नाही.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, आणि मे महिन्यात किंवा गणपतीला माणसं गावी जातात. निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगितलं की निक्षय क्रमांकावर, म्हणजे रुग्णाच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर, गावच्या सरकारी दवाखान्यात औषधं मिळू शकतात. ही आठवण एप्रिलमध्येच घरोघर द्या. घरातल्या इतरांची तपासणी आणि प्रतिबंधक गोळ्या यांचंही त्याच फेरीत विचारा.

तुमच्या गल्लीत कोणाचा खोकला दोन आठवड्यांत थांबला नसेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर शिबिराची वाट पाहू नका. टीबीची सरकारी हेल्पलाइन निक्षय संपर्क, १८००-११-६६६६. फोन मोफत आहे, आजच लावा.