काळ्या फरशीवरचं पांढरं पाणी

नव्या घरात राहायला आलो त्याच्या चौथ्या दिवशी बाथरूमच्या भिंतीवर मला पहिला पांढरा ओघळ दिसला. तोवर मी दिवसातून तीन-चारदा त्या बाथरूममध्ये नुसती बघायला जात होते. जवळजवळ काळ्या मॅट टाइल्स, बेसिनखाली कडाप्प्याचा ओटा, सागवानी फळ्या, मंद पिवळे दिवे. लहानपणी वाईला आजोळी काळ्या दगडाची मोरी होती. तिथला गारवा आणि बंबातल्या पाण्याची वाफ मनात घर करून बसली होती. तेच सगळं मला वाघोलीत, सातव्या मजल्यावर हवं होतं.

ओघळ पुसला. वाळल्यावर पुन्हा उमटला. दोन महिन्यांत शॉवरखालची भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत राख फासल्यासारखी दिसू लागली.

आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. त्यात क्षार आहेत हे मला ठाऊक होतं. गिझरच्या कॉइलवर पापुद्रे धरतात, साबणाला फेस येत नाही, हे रोजचंच होतं. पण टाइल निवडताना ते डोक्यात आलंच नाही. नंतर सोसायटीकडून पाणी तपासणीचा अहवाल मागून घेतला. कठीणपणा लिटरला ५८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य मानतात आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं पाणी भिंतीवर वाळलं की चुना मागे राहतो. पांढऱ्या टाइलवरही तो तेवढाच बसतो, पण डोळ्याला खुपत नाही.

म्हणून गडद बाथरूम करायचं ठरवलं असेल तर दुकानातून चार-पाच नमुन्यांच्या टाइल्स घरी आणा. आठ दिवस रोज त्यांच्यावर आपल्याच नळाचं पाणी शिंपडा, त्यात थोडा साबण मिसळा, आणि न पुसता वाळू द्या. मी हे केलं, पण खर्च होऊन गेल्यावर. तेव्हा कळलं की एकरंगी काळ्यावर प्रत्येक थेंब वाचता येतो. राखाडी-तपकिरी छटा मिसळलेल्या, दगडासारख्या दिसणाऱ्या टाइलवर तेच डाग बरेचसे विरून जातात. सांध्यांचंही तसंच. काळं सिमेंटचं ग्राउट काही महिन्यांत पांढुरकं पडलं. इपॉक्सी ग्राउट पाणी पीत नाही, महाग असलं तरी तेच घ्या. मात्र ते भरताना मिस्त्रीजवळ उभं राहा. ओलं असतानाच पुसलं नाही, तर मॅट टाइलवर त्याचा थर कायमचा बसतो.

डाग काढायला सगळ्यांनी एकच उपाय सांगितला: व्हिनेगर. टाइलवर तो लागू पडला. त्याच कापडाने मी ओटा पुसला आणि तिथे दगडाची चकाकी गेली. कडाप्पा, कोटा, शहाबादी, संगमरवर हे सगळे मुळात चुनखडीचे दगड. नळाखाली साचणारा थर ज्या पदार्थाचा असतो, त्याच पदार्थाचे. डाग विरघळवणारं आम्ल दगडालाही विरघळवतं. लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, सगळ्यांचा परिणाम तोच. त्यामुळे क्षाराचं पाणी असलेल्या घरात हे दगड नळाजवळ घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. हौस असेल तर कोरड्या भागात घाला, सील करून घ्या, आणि जी व्यक्ती बाथरूम धुते तिला पहिल्याच दिवशी दाखवून सांगा की इथे फक्त साधा साबण. वाईच्या मोरीचा दगड आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण होता. तो चुन्याचा नव्हे, म्हणून इतकी वर्षं टिकला.

भिंतीला ठोकलेल्या फळ्या मागून काळ्या पडल्या, कारण तिथे वारा नव्हता. सागवानी पाट मात्र अजून छान आहे; आंघोळ झाली की उचलून उभा करून ठेवते.

हे सगळं सोसलं असतं. सासूबाई पडल्या नसत्या तर मी हे लिहायलाही बसले नसते.

त्या ७६ वर्षांच्या, डोळ्यात मोतीबिंदू. शॉवरच्या भागाला तीन इंचांची पायरी होती, वर-खाली तीच काळी टाइल. पहाटे त्या आत गेल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. दवाखान्यात माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, “अगं, पायरी दिसलीच नाही मला.” काळ्या जमिनीवर साचलेलं पाणीही त्यांना दिसत नव्हतं, आणि ते आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. हौसेने केलेल्या गोष्टीला नाव कशाला ठेवायचं, म्हणून.

आजोळच्या मोरीत आजी ऐंशीव्या वर्षापर्यंत एकटी आंघोळ करत होती. तिथल्या दगडाला टाकी लावलेली होती, पाय घट्ट बसायचा, आणि खिडकीतून उजेड थेट जमिनीवर पडायचा. मी रंग तेवढा उचलला होता.

त्याच महिन्यात जमीन उखडली. वॉटरप्रूफिंगही गेलं, ते नव्याने केलं, तीन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंना रोज छत बघायला सांगितलं. पायरी काढली. जमिनीला फिकट राखाडी, एक फुटी, खरखरीत टाइल घातली. आधीच्या चार फुटी टाइलला ढाळ नीट बसतच नव्हता, कोपऱ्यात थारोळं राहायचं. आता नहाणी ट्रॅपकडे मीटरला १२ मिलिमीटरचा ढाळ आहे. घसरणीसाठी कॅटलॉगमधला ‘आर’चा आकडा पुरेसा नाही, ती चाचणी बूट घालून तेलकट उतारावर करतात. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे वर्ग असतात, शॉवरला बी हवा. दुकानदाराला माहीत नसेल तर टाइलवर साबणाचं पाणी ओतून स्वतः अनवाणी उभं राहा.

दिवे बदलले, आरशाच्या दोन्ही बाजूंना पांढरा उजेड आणला. काळं फक्त कोरड्या भिंतीवर ठेवलं आहे, तिथे ते खरंच सुंदर दिसतं. आधाराचे दांडे मात्र टाइल लावण्याआधीच भिंतीत कुठे येणार ते ठरवून घ्या, आणि ज्यांना ते धरायचे आहेत त्यांना उभं करून उंची मोजा. आमच्याकडे सासूबाईंनी भिंतीवर तळहात टेकवला आणि मिस्त्रीने तिथेच पेन्सिलने खूण केली.